लातूरचा रंग कोणता? ‘आर’मध्ये आपली रंग-थीम नोंदवण्याचा धडा

सेमिस्टर संपत आलं की हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एकच धांदल चालू असते. मिनी प्रोजेक्टचा डेटा गोळा झालेला असतो, निष्कर्षही साधारण ठरलेला असतो, आणि शेवटच्या दोन रात्री जातात त्या ग्राफ ‘चांगले दिसावेत’ म्हणून. रंगांचा विचार आपण तेव्हा करतो आणि तोही लग्नाच्या मांडवासारखा, म्हणजे डोळ्यांना बरा वाटला की झालं.

मला या लेखात एक साधी गोष्ट सांगायची आहे. ग्राफमधला रंग हे एक नाव असतं. पहिल्या पानावर लातूर निळं दाखवलं, की वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘निळं म्हणजे लातूर’ असं पक्कं बसतं. पुढच्या पानावर निळं नांदेड झालं तर तो लेजंड पुन्हा वाचायला थांबत नाही, नांदेडचा आकडा लातूरच्या नावावर टाकून मोकळा होतो. म्हणून रंग एकदा ठरवायचे, नावाला बांधायचे आणि एका ठिकाणी नोंदवून ठेवायचे. ते कसं करायचं, हाच आजचा धडा.

यासाठी मी ‘आर’ हे पॅकेज घेतलं आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ते सुरू केलं आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी त्याची १.० आवृत्ती आली. ते फुकट आहे, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतं, आणि दोन्हींचं महत्त्व हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. उदाहरण मात्र आपल्या घरचं घेऊ या : मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि त्यांचा पाऊस.

(एक सूचना. आज्ञा टाइप करताना इंग्रजी अक्षरंच लागतात. इथे मी त्यांचे उच्चार लिहिले आहेत. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ दिसली की तिथे कीबोर्डवरचा अंडरस्कोर समजायचा.)

१) न मागता मिळणारे रंग

आरमध्ये ग्राफ काढायला बहुतेक जण हॅडली विकहॅम यांचं ‘जीजीप्लॉट-टू’ वापरतात. (हे पॅकेजचं नाव आहे, यातल्या आडव्या रेघेला अंडरस्कोर नाही.) आपण रंग सांगितले नाहीत तर ते स्वतः रंग देतं. कसे देतं हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण सगळी गडबड तिथेच होते.

रंगांचं एक वर्तुळ धरा, ३६० अंशांचं. जीजीप्लॉट १५ अंशांपासून सुरू होतं आणि जितके गट असतील तितके वर्तुळाचे समान भाग करतं. गटांची ओळ लावतं ती अक्षरक्रमाने. म्हणजे रंग ठरतो तो दोन गोष्टींवरून : एकूण गट किती आणि यादीत तुमचा नंबर कितवा. गटाचं नाव काय आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमाने आपले जुने आठ जिल्हे मांडू : औरंगाबाद, बीड, हिंगोली, जालना, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. आठ गट, म्हणून प्रत्येकी ४५ अंश. लातूर पाचवं, म्हणजे १५ अधिक १८०, एकूण १९५ अंश. हा रंग मोरपिशी. नांदेड सहावं, २४० अंश, आकाशी.

पुढच्या पानावर आपण फक्त लातूर आणि नांदेड यांची तुलना करतो. गट दोन, म्हणून प्रत्येकी १८० अंश. लातूर पहिलं, १५ अंश, फिकट लालसर. नांदेड दुसरं, १९५ अंश.

नीट बघा. १९५ अंश! आधीच्या पानावर जो रंग लातूरचा होता, अगदी तोच, एका छटेचाही फरक नसलेला रंग या पानावर नांदेडला मिळाला. सॉफ्टवेअर त्याच्या नियमाने बरोबर वागलं, डेटा बरोबर आहे, लेजंडही बरोबर आहे. तरीही रिपोर्ट भराभर चाळणाऱ्याला दोन जिल्ह्यांची अदलाबदल झालेली दिसणार. आपले ग्राफ सरड्यासारखे रंग बदलतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

२) जिल्ह्याचं नाव बदललं, रंग शेजाऱ्याचा गेला

२०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. डेटाच्या फायलींमध्येही हळूहळू नवी नावं आली. आता तीच इंग्रजी यादी पुन्हा लावा : बीड, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, हिंगोली, जालना, लातूर, नांदेड, परभणी.

औरंगाबाद पहिल्या जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसलं. उस्मानाबाद सातव्या जागेवरून उठून तिसऱ्या जागेवर आलं. मधल्या सगळ्यांना सरकावं लागलं. लातूर पाचवं होतं ते सहावं झालं, नांदेड सहावं होतं ते सातवं. म्हणजे २०२२ च्या रिपोर्टमध्ये आकाशी रंग नांदेडचा होता, आणि तोच प्रोग्रॅम नव्या नावांच्या फाइलवर चालवला तर आकाशी लातूरचा होतो, नांदेड जांभळं होतं. नाव बदललं ते तिसऱ्याच दोन जिल्ह्यांचं. आपण प्रोग्रॅममधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

यात अजून एक गंमत आहे. मी इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे माझ्या डोक्यातली यादी ‘ए’पासूनच सुरू होते. पण हीच नावं देवनागरीत लिहून वर्णमालेच्या क्रमाने लावली तर? जुनी यादी : उस्मानाबाद, औरंगाबाद, जालना, नांदेड, परभणी, बीड, लातूर, हिंगोली. नवी यादी : छत्रपती संभाजीनगर, जालना, धाराशिव, नांदेड, परभणी, बीड, लातूर, हिंगोली. नांदेड दोन्हींत चौथंच, लातूर दोन्हींत सातवंच! मराठीत नावं असती तर नांदेड-लातूरला धक्काच लागला नसता, फक्त जालना एक जागा वर सरकलं असतं. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा रंग कोणता हे लेबल कुठल्या भाषेत लिहिलं यावरही अवलंबून आहे. इतक्या डळमळीत पायावर कुठलाच सिव्हिलवाला भिंत बांधणार नाही. मग आपण ग्राफ का बांधतो?

३) रंग नावाला बांधायचा

उपाय सोपा आहे. आरमध्ये ‘नावांची यादी’ बनवता येते, म्हणजे प्रत्येक किमतीला एक नाव चिकटवता येतं. आपण जिल्ह्याचं नाव डाव्या बाजूला, रंग उजव्या बाजूला अशी यादी करायची आणि ती ‘स्केल-कलर-मॅन्युअल’ या फंक्शनला ‘व्हॅल्यूज’ म्हणून द्यायची. यादीला नावं असली की जीजीप्लॉट क्रम बघत नाही, नाव जुळवून रंग देतं. मग ग्राफमध्ये आठ जिल्हे असोत की दोन, लातूरचा रंग लातूरकडेच राहतो.

रंग कुठले घ्यावेत? मी जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सुचवलेले आठ रंग घेतले आहेत. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही अशांनाही ते वेगळे ओळखता यावेत म्हणून ते निवडलेले आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे दर १२ पुरुषांमागे एकाला असा रंगदोष असतो. आपल्याकडे प्रमाण त्यापेक्षा कमी आढळतं, पण एखाद्या बॅचमध्ये, किंवा व्हायवा घेणाऱ्यांमध्येही, असं कुणी असणं अगदी शक्य आहे. रंग आठ आणि मराठवाड्याचे जिल्हेही आठ, हा योगायोगही छान जमला. लाल, हिरवा, निळा या क्रमाने त्यांचे आकडे असे :

लातूर – शेंदरी : २१३, ९४, ०
नांदेड – निळा : ०, ११४, १७८
बीड – नारिंगी : २३०, १५९, ०
हिंगोली – आकाशी : ८६, १८०, २३३
परभणी – निळसर हिरवा : ०, १५८, ११५
जालना – पिवळा : २४०, २२८, ६६
धाराशिव – गुलाबी जांभळा : २०४, १२१, १६७
छत्रपती संभाजीनगर – काळा : ०, ०, ०

हे आकडे ‘आरजीबी’ फंक्शनला द्यायचे आणि कमाल किंमत २५५ आहे हे सांगायचं, की आर स्वतःच त्याचा रंग-कोड बनवून देतं.

नावाने बांधण्याचा अजून एक फायदा आहे. डेटात एखादं नाव यादीशी जुळलं नाही तर त्या जिल्ह्याला राखाडी रंग येतो. २०११ च्या जनगणनेत बीडचं स्पेलिंग ‘बी-आय-डी’ आहे, इतर फायलींत ‘बी-ई-ई-डी’ असतं. दोन फायली जोडल्या की बीड राखाडी होतं आणि काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. न मागता मिळणाऱ्या रंगांत तेच बीड गुपचूप दोन जिल्हे होऊन बसतं. म्हणून राखाडी रंग आपल्या यादीत कुणालाही द्यायचा नाही. तो धोक्याच्या घंटेसाठी राखून ठेवायचा.

४) झेरॉक्सची परीक्षा

आपले रिपोर्ट शेवटी कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्स होतात आणि बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्यातच. तिथे रंगाचं काय होतं याचा हिशोब कागदावर करता येतो. लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, आणि तिन्हींची बेरीज. येणारा आकडा म्हणजे साधारण करडेपणा : ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा.

जीजीप्लॉटने आठ गटांना न मागता दिलेल्या रंगांपैकी पाचवा आहे ०, १९१, १९६. त्याचा करडेपणा येतो १३४. सहावा ०, १६९, २५५, त्याचा १२८. फरक फक्त ६, म्हणजे झेरॉक्सवर लातूर आणि नांदेड एकच. याला कारण आहे : ते रंग मुद्दाम एकसारख्या उजेडाचे निवडलेले आहेत, म्हणजे स्क्रीनवर कुणी एक गट उगाच उठून दिसू नये. हेतू चांगला, पण झेरॉक्सवाल्याला तो कळत नाही.

आपल्या यादीत लातूरचा करडेपणा ११९ आणि नांदेडचा ८७. फरक ३२, निभावून जातं. पण हीच परीक्षा बीड आणि हिंगोलीची घ्या : १६२ आणि १५८. ही जोडी नापास! म्हणजे रंगदोषासाठी चांगली असलेली यादीही झेरॉक्ससाठी चांगली असेलच असं नाही. म्हणून रंगासोबत रेषेचा प्रकार (अखंड, तुटक, ठिपक्यांची) किंवा बिंदूचा आकार हाही जिल्ह्याच्या नावाला बांधून टाकायचा. ‘स्केल-लाइनटाइप-मॅन्युअल’ आणि ‘स्केल-शेप-मॅन्युअल’ ही फंक्शन्स अगदी तशीच चालतात.

तुम्ही म्हणाल, आठ जिल्ह्यांचं ठीक आहे, तालुक्यांचं काय? लातूर जिल्ह्यात १० तालुके, नांदेडमध्ये १६, एकूण २६. सव्वीस रंग डोळ्याला वेगळे ओळखताच येत नाहीत, मग थीम कुठलीही वापरा. आरच्या साध्या प्लॉटमध्ये तर पॅलेटमधले आठ रंग संपले की नववा गट पुन्हा पहिल्या रंगावर येतो. अशा वेळी सगळे तालुके एका फिकट रंगात ठेवायचे आणि ज्याच्याबद्दल बोलायचं आहे, समजा मुखेड किंवा औसा, तेवढाच गडद करायचा. किंवा प्रत्येक तालुक्याचा छोटा वेगळा ग्राफ काढून ओळीने लावायचा.

५) नोंदणी कुठे करायची?

रंगांची यादी तयार झाली. आता ती प्रत्येक ग्राफला पुन्हा पुन्हा चिकटवत बसायचं नाही, तर एकदाच नोंदवायची. त्याचे तीन मजले आहेत.

पहिला मजला म्हणजे एक बैठक. साध्या प्लॉटसाठी ‘पॅलेट’ या फंक्शनला रंगांची यादी दिली, की आर बंद करेपर्यंत तेच रंग चालतात. जीजीप्लॉटमध्ये ‘थीम-सेट’ आहे. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जीजीप्लॉटच्या भाषेत ‘थीम’ म्हणजे पार्श्वभूमी, जाळीच्या रेघा, अक्षरांचा आकार, लेजंडची जागा, म्हणजेच डेटा सोडून बाकी सगळं. जिल्ह्यांचे रंग हा ‘स्केल’चा भाग. (२०२५ च्या ४.० आवृत्तीपासून रंगपट्टी थीममध्येही ठेवता येते, पण लॅबमधल्या मशीनवर जुनी आवृत्ती असेल तर हे चालणार नाही.) ‘ऑप्शन्स’मध्ये आपलं स्केल देणारं फंक्शन लिहिलं तर ते न सांगता सगळ्या ग्राफना लागतं. रेषेचा रंग आणि आत भरायचा रंग यांचे ऑप्शन वेगवेगळे आहेत, दोन्ही लिहायचे.

तरी माझा सल्ला असा, की बैठकीभर लावायची ती फक्त थीम. जिल्ह्यांचं स्केल ज्या ग्राफला हवं त्याला नाव घेऊन लावा. कारण उद्या तुम्ही सोयाबीन, तूर, कापूस असा ग्राफ काढलात तर जिल्ह्यांच्या यादीत ही नावं नाहीत, आणि सगळी पिकं राखाडी होतील.

दुसरा मजला म्हणजे मशीन. होम फोल्डरमध्ये ‘डॉट आर-प्रोफाइल’ नावाची फाइल ठेवली, की आर सुरू होताना ती आधी वाचली जाते. सोय मोठी, पण दोन खड्डे आहेत. एक, ती फाइल वाचली जाते तेव्हा रंगांचं ‘जीआर-डिव्हायसेस’ पॅकेज अजून चढलेलं नसतं, म्हणून नुसतं ‘पॅलेट’ लिहून चालत नाही. आधी पॅकेजचं नाव, मग दोनदा कोलन, मग फंक्शन असं पूर्ण लिहावं लागतं. दोन, आणि हा मोठा : तुमची फाइल तुमच्याच मशीनवर असते. तोच प्रोग्रॅम रूममेटने तिच्या लॅपटॉपवर चालवला की रंग पुन्हा आपले आपण बदलले!

म्हणून तिसरा मजला, प्रोजेक्ट. ‘रंग’ नावाची एक छोटी फाइल करा. तिच्यात जिल्ह्यांची यादी, रेषांची यादी, थीम आणि स्केलचं फंक्शन ठेवा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत ‘सोर्स’ लिहून ती वाचून घ्या. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून कुठेही गेला तरी रंग सोबत जातात. पुढच्या बॅचलाही उपयोग व्हावा असं वाटत असेल तर याच फाइलचं पॅकेज करता येतं. पण चार जणांच्या ग्रुपला एक फाइल पुष्कळ झाली.

सॉफ्टवेअर आपलं आपण बदलतं, हेही लक्षात ठेवा. एप्रिल २०२० मध्ये आर ४.० आलं तेव्हा त्याचं मूळचं पॅलेटच बदललं, भडक लाल-हिरव्याच्या जागी सौम्य छटा आल्या. ज्यांनी रंग नुसते १, २, ३ अशा आकड्यांनी सांगितले होते त्यांचे ग्राफ वेगळे दिसू लागले. ज्यांनी रंग स्वतः लिहून ठेवले होते त्यांना काहीच फरक पडला नाही.

आर न वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये तर ‘रजिस्टर’ हाच शब्द आहे. आपली रंगपट्टी बनवून ‘कलरमॅप्स’च्या यादीत ‘रजिस्टर’ करायची, मग ती नावाने बोलावता येते. तिथे मूळच्या पट्टीचं नाव आपल्या पट्टीला देऊ देत नाहीत, आणि हे बरोबरच आहे, एका नावाला दोन मालक नकोत. जुन्या पुस्तकांतलं ‘रजिस्टर-सीमॅप’ हे फंक्शन ३.९ आवृत्तीपासून काढून टाकलं आहे, ते शोधत बसू नका. स्टेटामध्ये याला ‘स्कीम’ म्हणतात. तिथेही एक फाइल असते आणि ‘सेट स्कीम’ म्हटलं की लागू होते.

६) पावसाचा नकाशा : लाल वाईट की पिवळा?

आतापर्यंत आपण नावांचे रंग पाहिले. पाऊस हे प्रमाण आहे, त्याला क्रम असतो. तिथे थीम नोंदवताना रंगासोबत सीमाही नोंदवाव्या लागतात.

भारतीय हवामान खातं सरासरीच्या तुलनेत पाऊस किती टक्के कमी-जास्त झाला यावरून नकाशा रंगवतं. ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर निळा. २० ते ५९ जास्त असेल तर आकाशी. उणे १९ ते अधिक १९ म्हणजे सामान्य, हिरवा. उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट, लाल. उणे ६० ते उणे ९९ म्हणजे मोठी तूट, पिवळा. पाऊसच नाही तर पांढरा.

पुन्हा वाचा. या नकाशात पिवळा हा लालपेक्षा वाईट आहे! आणि याच खात्याच्या इशाऱ्यांमध्ये हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा चढता क्रम असतो, तिथे लाल सर्वांत गंभीर. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावं पाण्याखाली गेली. असा धो-धो पाऊस इशाऱ्याच्या पट्टीत लालकडे जातो आणि टक्केवारीच्या नकाशात शांत निळ्याकडे. दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आपल्या रिपोर्टमध्ये दोन्ही आल्या आणि त्यांना वेगवेगळी नावं दिली नाहीत, तर वाचणारा पिवळा तालुका बघून ‘फार काही नाही’ म्हणून पान उलटेल. तो पिवळा तालुका कदाचित टँकरची वाट बघत असेल.

म्हणून ‘रंग’ फाइलमध्ये दोन वेगळ्या यादी ठेवा, ‘खातं-टक्केवारी’ आणि ‘खातं-इशारा’. रंग ‘लाल’, ‘पिवळा’ असे सांगायचे नाहीत, ‘तूट’, ‘मोठी तूट’ या वर्गांच्या नावाला बांधायचे. आकड्यांवरून वर्ग पाडायला ‘कट’ फंक्शन आहे, पण आधी ‘राउंड’ करून पूर्णांक करून घ्या, नाहीतर उणे १९.६ चा जिल्हा कुठल्या वर्गात टाकायचा हा प्रश्न उभा राहतो. आणि स्वतःची पट्टीच वापरायची असेल तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रुअर यांच्या ‘कलरब्रुअर’मधली तपकिरीकडून हिरवट निळ्याकडे जाणारी पट्टी घ्या. कोरडं ते ओलं हा क्रम त्यात सांगावाच लागत नाही, दिसतो.

सीमांची गोष्टही तितकीच महत्त्वाची. सलग छटांची पट्टी वापरली तर सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी त्या डेटातल्या सर्वांत लहान आकड्यापासून सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत पट्टी ताणतं. मग दुष्काळी वर्षातला ‘सर्वांत ओला’ तालुका आणि पुराच्या वर्षातला सर्वांत ओला तालुका दोघंही सारखेच गडद दिसतात. ‘लिमिट्स’ एकदा ठरवून स्केलमध्येच लिहून टाका, म्हणजे २०१५ चा नकाशा आणि २०२५ चा नकाशा एकाच मापाने बोलतील.

आणि एक मर्यादाही ध्यानात ठेवू. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ या दोन्ही मोसमांत पाऊस सरासरीपेक्षा जवळपास ४० टक्के कमी झाला. वरच्या पट्टीत ही ‘तूट’, म्हणजे लाल. २१ टक्के कमी असता तरीही तोच लाल, ५८ टक्के कमी असता तरीही तोच. दोन वर्षं सलग तोच वर्ग आला, पण दुसऱ्या वर्षाअखेर धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे १० वाघिण्यांत ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. नकाशाचा रंग दोन्ही वर्षी एकच, लोकांची परिस्थिती मात्र एक नव्हती. म्हणून नकाशावर रंगासोबत आकडाही छापायचा. थीममध्ये त्यासाठी जागा ठेवायची.

७) मराठी अक्षरांचा प्रश्न

शेवटचा मुद्दा फॉन्टचा, कारण तोही थीमचाच भाग आहे. आरमधून नेहमीच्या ‘पीडीएफ’ आज्ञेने ग्राफ काढला तर देवनागरी लेबलांच्या जागी ठिपके किंवा चौकोन येतात. ‘कैरो-पीडीएफ’ वापरा, किंवा चित्र हवं असेल तर ‘रॅग’ पॅकेज. त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसतात. थीममध्ये ‘बेस-फॅमिली’ म्हणून ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ लिहा. दोन्ही फॉन्ट फुकट आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला ग्राफ दाखवायचा असेल तर लेबल मराठीतच पाहिजे.

तर सबमिशनच्या आधी पाच गोष्टी तपासा :

– प्रत्येक रंग नावाला बांधला आहे ना, क्रमाला नाही?
– दोन जिल्ह्यांच्या आणि आठ जिल्ह्यांच्या ग्राफमध्ये लातूर एकाच रंगाचं आहे ना?
– कुठे राखाडी दिसतंय का? असेल तर स्पेलिंग बघा.
– एक पान काळं-पांढरं झेरॉक्स करून वाचता येतंय का?
– ‘रंग’ फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आहे ना, फक्त तुमच्या लॅपटॉपवर नाही?

या सगळ्याला फार तर एक संध्याकाळ लागते, मेसची बेल वाजायच्या आत संपणारी. आपल्यापैकी बरेच जण पुढे पाणी, रस्ते, वीज, शेती अशा खात्यांत किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंपन्यांत जाणार आहेत. तिथे आपला ग्राफ बघून पैसा आणि टँकर कुठे जायचा हे ठरत असतं. बघणाऱ्याला ‘आर’ माहीत नसतं, वर्तुळाचे अंश माहीत नसतात. त्याचा भरवसा फक्त एवढ्यावर असतो, की मागच्या पानावर ज्या रंगाला लातूर म्हटलं, या पानावरही तो लातूरच आहे.